कुलपातले टमरेल

रत्नाताई सकाळी दवाखान्यात आल्या की सगळ्यात आधी बायकांच्या बाथरूममधले निळे टमरेल उचलून झाडूच्या कपाटात कुलपात ठेवत. पांढरा कोट त्यानंतर, चहा त्याहून नंतर. तपासणी होऊन बाहेर आलेल्या बाईला ते स्वतःच्या हाताने देत आणि आठवणीने परत मागून घेत. सुरतेच्या उधना भागातल्या त्या लहानशा प्रसूतिगृहात मी लॅबमध्ये लागले, तेव्हा पहिला आठवडा मला वाटले, इथे टमरेले चोरीला जातात.

विचारायचे धाडस झाले नाही. मी कुणालाच काही विचारत नसे. रत्नाताई तिथल्या सर्वांत जुन्या नर्स, शिरपूरकडच्या, नवऱ्याला कापडाच्या लूमवर काम मिळाले म्हणून सुरतेत आलेल्या. मला त्या ‘इंग्लिश मॅडम’ म्हणत. चिडवायला म्हणत, पण डब्यातली भरीत-भाकरी आधी माझ्यापुढे सरकवत.

त्या ज्या आवाजात चहा मागत, त्याच आवाजात बायकांना विचारत, “अंगावरून जातं का? वास येतो? योनीत खाज?” मी लॅबच्या दारात लाल होऊन उभी. मला हे सगळे इंग्रजीत येत होते. मराठीत त्या जागेसाठी मला ठाऊक असलेला एकमेव शब्द शिवीतला होता.

वैशाली नावाची बाई तपासणीला आली त्या दिवशी रत्नाताई लग्नाला गावी गेल्या होत्या. तिला चौथा महिना सुरू होता. आधीचे बाळ सातव्या महिन्यातच झाले आणि दोन दिवसांत गेले होते. योनीत संसर्ग असला तर कधी कधी बाळ दिवस भरायच्या आत येते, म्हणून डॉक्टरांनी नमुना घ्यायला सांगितला. तो बदलीवरच्या नर्सने घेतला. वैशाली कागद घेऊन माझ्याजवळ आली तेव्हा तिच्या साडीला जंतुनाशकाचा वास येत होता. मला वाटले, किती स्वच्छ राहते. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर काही दिसले नाही. मी तसे लिहून दिले.

परत आल्यावर रत्नाताईंनी कागद पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला. मागच्या खेपेला हिने वासाची तक्रार केली होती, मग इतके साफ कसे? ती धुऊन आली होती का, असे त्यांनी मला विचारले. मी साडीच्या वासाचे सांगितले.

“नाकाला कळलं,” त्या म्हणाल्या, “तोंडाला नाही सांगितलं का त्याने?”

एवढेच बोलल्या. मग टमरेलाचा उलगडा केला. तपासणी म्हटली की आपल्या बायका आधी आतपर्यंत धुऊन येतात, डॉक्टरीणबाईंना घाण दिसू नये म्हणून. कुणी तुरटीच्या पाण्याने, कुणी बाटलीतल्या औषधाने. नमुना जातो वाहून आणि आजार राहतो तिथेच, शिवाय त्या धुण्याने वाढतोही.

दुपारी त्या मला घेऊन वैशालीच्या घरी गेल्या. धुतल्याचे वैशालीने कबूल केले. धुवायचे पाणी सासूबाईंनीच काढून दिले होते.

“दवाखान्यात काय तशीच पाठवू?” त्या म्हणाल्या. “आमच्या घरच्या बाईला असले रोग नाहीत.”

“आक्का, सर्दी होते तसंच आहे हे. चांगल्या घरातही होतं,” रत्नाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “सांगा मॅडम, तुम्ही शिकलेल्या.”

मी वैशालीकडे पाहून म्हणाले, “योनी आतून धुवायची नाही. उद्या न धुता या. परवाचा कागद चुकला, माझं विचारायचं राहिलं.”

सासूबाईंनी उठून मोरीतली औषधाची बाटली आणली आणि रत्नाताईंच्या पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशीच्या काचपट्टीवर जंतू दाटीवाटीने दिसले. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिने एकही चुकवली नाही, नंतरचा नमुना खरोखर साफ आला. नऊ महिने पूर्ण भरून मुलगी झाली. तिचे रडणे लॅबपर्यंत ऐकू आले तेव्हा मी बाहेर धावले.

“गोळीनेच झालं असं कुणाला सांगू नको,” रत्नाताई मला बजावत होत्या, डोळे मात्र पदराने पुसत होत्या. “ते आपल्याला कळत नाही. विचारणं आपल्या हातात होतं, ते आपण केलं.”

यंदा त्या निवृत्त होऊन साखर कारखान्याच्या गावी, चलथाणला, मुलाकडे राहायला गेल्या. तिथल्या सुनांनाही तेच प्रश्न विचारतात, असे फोनवर सांगतात. उसाच्या कामावरच्या बायकाही तपासणीला धुऊनच जातात म्हणे. कपाटाची किल्ली जाताना माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

गेल्या सोमवारी वैशालीच्या सासूबाई शेजारच्या सुनेला घेऊन आल्या. बाकावर दहाबारा जणी बसलेल्या. दारातूनच त्यांनी आवाज दिला, “मॅडम, हिला न धुता आणलीये हां.”

सगळा बाक माझ्याकडे वळला. मी त्या मुलीला जवळ बोलावले आणि चहा मागावा तशा आवाजात विचारले, “अंगावरून जातं का?”