बुडवलेली नाव

बैठकीच्या खोलीत ताइस्तोचे सात फोटो टांगलेले होते आणि सातही फोटोंत राइलीचं कोपर होतं. मधोमध मासा, माशामागे ताइस्तो, ताइस्तोचे दात आणि अगदी कडेला वल्ह्यावर टेकलेलं एक कोपर. वर्तमानपत्रवाले छापताना तेवढं कापून टाकत. राइलीची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्या दातांशेजारी आपलं कोपर छापून येऊ नये, असंच तिलाही वाटायचं.

तिनं ताइस्तोशी लग्न केलं ते तो फारसा बोलत नसे म्हणून. लाकडाच्या गिरणीत कामाला आलेला, खांदे रुंद, तोंड बंद. तिला वाटलं, हा माणूस आत काहीतरी साठवतोय. लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं की आत काही नव्हतंच. आणि मग त्याला पहिला मोठा ट्राउट मिळाला आणि ते बंद तोंड जे उघडलं, ते चाळीस वर्षं मिटलं नाही. दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाकावर, सासऱ्याच्या मयतीलासुद्धा. "मासा कसा येतो ठाऊक आहे?" तो विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता सांगायचा, "हातात येतो. काठी धरणाऱ्याच्या हातात जात्याच काहीतरी असावं लागतं."

काठी धरणाऱ्याच्या! पायान्ने तलावाच्या त्या अरुंद फाट्यावर सगळे ओढून मासे धरत. नाव सावकाश चालवायची, मागे चार दोर सोडायचे, दोरांच्या टोकाला आमिष म्हणून रंगवलेल्या लाकडी मासळ्या. एकानं वल्हवायचं, दुसऱ्यानं मागच्या फळीवर बसून काठ्यांकडे बघायचं. काठ्या खोबणीत रोवलेल्या असत. म्हणजे मागच्या फळीवरच्या माणसाला मासा लागेपर्यंत बसण्यापलीकडे काम नसे, आणि बसण्यात ताइस्तोचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

राइली नवव्या वर्षापासून वल्हवत होती. तिचा बाप वाल्फ्रिद नावा बांधायचा. बोलायचा कमी, पण त्याच्या कमी बोलण्यात माल होता. त्यानं तिला एकच गोष्ट शिकवली होती. "ओढ. आता श्वासभर काही करू नकोस. आता ओढ." त्या श्वासभरात मागची लाकडी मासळी अडखळते, एका कुशीवर कलते, जखमी असल्यासारखी. खाली अंधारात तिच्यामागून येणारा मोठा मासा तेवढ्याचीच वाट बघत असतो. दुसऱ्याच्या दुबळेपणावर जगणारा प्राणी. राइलीनं आयुष्यभर तो श्वास पाळला. ताइस्तोला त्याचा पत्ताच नव्हता. त्याला वाटायचं, बायकोला मध्येमध्ये दम लागतो.

बाकीचंही तिनंच केलं. लाकडी मासळी डावीकडे पळत असेल तर तिच्या नाकातली कडी पकडीनं केसभर उजवीकडे वाकवायची. वल्ह्यांच्या खुंट्यांना चरबी लावायची. वसंतात डांबर आणि जवसाचं तेल गरम करून नावेला पाजायचं. आणि शेवटी, बर्फ गेल्यावर, नाव काठाशी उथळ पाण्यात दगड भरून बुडवायची. हिवाळाभर छपराखाली पालथी पडून फळ्या सुकत, सांध्यांतून पलीकडचा उजेड दिसे. तीन-चार दिवस पाण्याखाली राहिली की लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि भेगा आपोआप मिटायच्या. गावातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक. ताइस्तोनंही हे चाळीस वर्षं पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे त्या वेळी तो काठावर सिगारेट ओढत उभा होता.

त्या वर्षी मे महिन्यात राइली दहा दिवस शहरातल्या इस्पितळात होती, बहिणीच्या गुडघ्यासाठी. मंगळवारी परत आली तर धक्क्याला एक पांढरी प्लास्टिकची नाव बांधलेली. तिला विजेची मोटर, मोटरला स्वतःहून दिशा धरणारं यंत्र आणि मासे दाखवणारा पडदा. बाजूला गवतावर बापानं बांधलेली त्यांची जुनी नाव, उताणी, काचेसारखी चकचकीत.

"कशी दिसते?" ताइस्तोनं विचारलं. त्याच्या बोटांना रोगण चिकटलं होतं.

"मेलेल्या माणसाला पावडर फासल्यासारखी."

"तुझ्या तोंडून चांगला शब्द निघाला तर तलाव आटेल. शनिवारी लिंडरूस न्यायला येतोय."

"काय न्यायला?"

"नाव. त्या टेकाडावरच्या घरात उन्हाळ्याला येतो ना, तो हेलसिंकीवाला. पाहुण्यांना फिरवायचंय म्हणाला. हात मिळवून शब्द दिलाय मी. नवी आल्यावर हिचा काय उपयोग?"

"नाव माझ्या बापाची आहे."

"बाप जाऊन तीस वर्षं झाली, राइली."

"मी गेलेय का?"

ताइस्तोनं खांदे उडवले. हात मिळवून दिलेला शब्द परत घेणारा माणूस त्या गावात कॉफीच्या टेबलावरून उठायचा तो कायमचा, आणि त्याच्या मागोमाग त्याची बायकोही. राइलीला त्या टेबलावरच्या माणसांची काडीची किंमत नव्हती. पण शब्द तिच्या बापानंही कधी मोडला नव्हता. शब्द मोडायचा तर तो आता लिंडरूसनंच मोडायला हवा होता.

ती नावेपाशी गेली, वाकली आणि एका सांध्यावरून तिनं अंगठा फिरवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"हे काय भरलंस?"

"लांबी, भेगा बुजवायची," ताइस्तो अभिमानानं म्हणाला. "चार नळकांडी लागली. सगळ्या सांध्यांतून उजेड दिसत होता. गिऱ्हाईक काय म्हणेल? दगडासारखी बसलीये बघ आता."

दगडासारखी बसली होती खरीच. राइली त्याच्याकडे बघत राहिली. सुक्या नावेच्या प्रत्येक भेगेत या माणसानं दगड भरला होता. नाव पाण्यात गेली की फळ्या फुगणार, फुगायला जागा मिळणार नाही, आणि मग तांब्याचे खिळे उपटणार, बरगड्या चिरणार. बापानं दोन हिवाळे घालून जोडलेलं, एका पाहुणचारात मोडणार. आणि हे जगात तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

ती घरात गेली, कॉफी ठेवली. खरं सांगायचं तर तो दिवस तिनं चवीनं घालवला. जाऊ दे नाव. तो लिंडरूस पाहुण्यांसकट कमरेइतक्या पाण्यात उभा राहू दे, त्याची लोकरी टोपी तरंगू दे. ताइस्तोचं तोंड गावाला एकदा बंद झालेलं पाहू दे. जेवताना तो मोटरीच्या वेगाचे आकडे सांगत होता आणि ती राईच्या पावाला लोणी फासत मनातल्या मनात नावेच्या बरगड्या मोजत होती. बारा होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुरभुर सुरू झाली. राइली नावेवर ताडपत्री टाकायला गेली. ताइस्तोला सुचणं शक्यच नव्हतं. नावेच्या तळाशी बोटभर पाणी साचलं होतं. ती ताडपत्री ओढत होती तेवढ्यात आवाज आला. टक्. अगदी बारीक, दातावर दात आपटावा तसा. ती थांबली. पुन्हा, टक्.

त्या आवाजापुढे तिचा राग थिटा पडला. ताइस्तो बुडाला असता तर तिनं काठावरून पाहिलं असतं. हे पाहवलं नाही.

तिनं नाव पालथी केली, छपरातून बापाची वाकडी आकडी काढली आणि पहिल्या सांध्यात घातली. लांबी नखाएवढ्या तुकड्यांनी निघत होती. ताइस्तो धावत आला.

"वेड लागलं का तुला? शनिवारी माणूस येतोय!"

"येऊ दे. नाव द्यायचीये ना त्याला, की सरपण?"

"म्हणजे?"

"पाण्यात गेल्यावर लाकडाचं काय होतं, ताइस्तो?"

"काय होतं… फुगतं." तो बोलला आणि तोंड तसंच उघडं राहिलं. "अगं आई."

"पडला उजेड."

त्यानं पेचकस आणला, दोन विती उकरलं, बोट कापून घेतलं आणि कॉफी प्यायला गेला. राइली गुरुवारी रात्रीच्या जेवणापर्यंत उकरत होती. खांदा भरून आला, डोळ्यांत लांबीची भुकटी गेली. शेवटचा सांधा मोकळा झाला तेव्हा त्यातून पलीकडचं गवत दिसलं आणि तिला बरं वाटलं. उघड्या सांध्यांना डांबर पाजून शुक्रवारी सकाळी तिनं नाव उथळ पाण्यात ढकलली, दगड भरले, पाणी आत येऊ दिलं. नाव मुकाट्यानं खाली बसली. यात डाव काही नव्हता. वसंतात असंच करतात.

शनिवारी लिंडरूस गाडीला ट्रेलर जोडून आला. गवताचा एक कण न चिकटलेले बूट, गळ्यात मफलर.

"नमस्कार, राइली! कुठे आहे आमची सुंदरी?"

राइलीनं बोट दाखवलं. पाण्याखाली हिरवट उजेडात नाव पडली होती. बसायच्या फळीवर दगड, फळ्यांवरचं रोगण सांध्यासांध्यांशी ओरबाडलेलं, एका दगडावर बसलेला बेडूक.

लिंडरूसचा चेहरा उतरला. "बुडाली?"

बुडवलीये, एवढंच म्हणायचं होतं. राइलीच्या जिभेवर ते आलंही होतं. गावातला कुणीही असता तर हसून म्हणाला असता, वा, पाणी पितेय वाटतं. पण हा माणूस सोळा उन्हाळे या तलावाकाठी राहिला होता आणि त्यानं सोळा उन्हाळ्यांत फक्त सूर्यास्त पाहिले होते. राइलीनं शब्द गिळला.

लिंडरूस ताइस्तोकडे वळला. "तुम्ही म्हणालात थेंब आत येत नाही."

"नाही, म्हणजे ती तर आपण…" ताइस्तोनं सुरुवात केली आणि त्याची नजर राइलीच्या नजरेला भिडली. ती फक्त बघत होती. "वय झालंय तिचं," तो पुटपुटला.

चाळीस वर्षांत त्यानं केलेलं शहाणपणाचं काम एवढं एकच.

"माफ करा," लिंडरूस म्हणाला, "माझी पाहुणेमंडळी आहेत, लहान मुलं आहेत. बुडालेली नाव मला नको. शब्द मोडतोय असं समजू नका."

"छे हो," राइली म्हणाली. "तुमच्या मनाविरुद्ध कशाला?"

रिकामा ट्रेलर खडखडत टेकाडावर गेला. मंगळवारी राइलीनं दगड काढले, पाणी उपसलं. आत एक थेंब येत नव्हता.

जून गेला. जत्रेतल्या मुलासारखा ताइस्तो रोज पांढऱ्या नावेत बसून जायचा. पडद्यावर मासे दिसायचे, ढीगभर दिसायचे. मोटर नाव नेमक्या एका वेगानं ओढायची, न थकता, न थांबता, आणि मागच्या मासळ्या निरोगी, टवटवीत, एकसारख्या पोहायच्या. कुठलाही मासा त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हता. ताइस्तोनं मासळ्यांना दोष दिला, मग पाणकावळ्यांना, मग सरकारला. दुकानातल्या टेबलावर तो गप्प बसायला लागला. गप्प ताइस्तो राइलीला जास्तच असह्य झाला. तरुणपणी तिला फसवणारा तोच चेहरा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"राइली. वल्हवतेस का जरा?"

"खांदा गेलाय माझा. तुझी लांबी काढताना."

"मग?"

"तू वल्हव. मी मागे बसते."

तो हसला, मग बघितलं की ती हसत नाहीये.

वल्हवणं म्हणजे पाण्याशी मारामारी अशी त्याची समजूत होती. तिचे गुडघे भिजले. "थांब," ती म्हणाली.

"दमलो नाहीये मी."

"थांब म्हटलं. श्वास घे. आता ओढ."

"हे काय, प्रार्थना आहे का?"

"थांब. हं. ओढ."

मागच्या फळीवर ती पहिल्यांदाच बसली होती. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं. ताइस्तोचा लालबुंद, घामेजलेला, काहीही लपवता न येणारा चेहरा हातभर अंतरावर हलत होता. इतकी वर्षं इथूनच त्यानं आपला चेहरा पाहिला असणार. काय दिसलं असेल त्याला? बहुधा काठ्याच.

"थांब," ती म्हणाली, आणि तो थांबला, आणि त्या श्वासात डावीकडची बाहेरची काठी कमानीसारखी वाकली.

मासा साडेचार किलोचा ट्राउट. पाठीवरचा चिमुकला पर कापलेला, म्हणजे पाळून सोडलेल्यांतला, कायद्यानं ठेवायला हरकत नव्हती. राइलीनं काठी घेतली, दोर आत घेतला, जाळं खाली सरकवलं. अजिबात घाई केली नाही. तिला हे काम सोपं वाटलं, तिला नेहमी वाटलं होतं तितकंच सोपं.

दुसऱ्या दिवशी दुकानात ताइस्तो टेबलाच्या टोकाला बसला होता आणि त्याचं तोंड पुन्हा उघडलं होतं. राइली कॉफीची पुडी घ्यायला आत आली तेव्हा तो टेबलावर मूठ आपटत होता.

"काठी? काठी काय, खोबण धरते! तिथे बटाट्याचं पोतं ठेवलं तरी चालेल. मासा पकडतो तो वल्हवणारा. तो थांबतो कसा, श्वास कुठे घेतो, त्यावर आहे सगळं. हे जात्याच असावं लागतं."

टेबलावर कुणी हललं नाही. सगळ्या म्हाताऱ्यांनी हळूच राइलीकडे पाहिलं, आणि तिला कळलं की या सगळ्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. दुकानवाली हिल्का काउंटर पुसत म्हणाली, "असं का, ताइस्तो? मग तुमच्या भिंतीवरचे ते सात कुणी पकडले?"

"ते वेगळं," ताइस्तो म्हणाला. त्याला खरंच वेगळं वाटत होतं. त्याच्या डोळ्यांत ओशाळलेपण म्हणून काही म्हणजे काही आलं नाही.

राइलीनं कप भरून घेतला, साखरेचा खडा दातांत धरला आणि उभ्यानंच दोन घोट घेतले.

"उद्या पाचला," ती ताइस्तोला म्हणाली. "आणि पाणी कमी उडव."