उधईभाऊ

घरात शिरल्यावर दादाजीभाऊ माणसांकडे पाहत नसे, वर पाहत असे. आधी आढं, मग तुळया, मग खांब, आणि जमलंच तर शेवटी घराचे मालक. खिशातून दहा रुपयांचं नाणं काढून तो खांबावर वाजवायचा आणि लाकडाला कान लावून डोळे मिटायचा. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सावली गावातल्या घरात, आईच्या खाटेजवळच्या खांबाला चिकटलेला. तेव्हा त्याने मला साधा नमस्कारही केला नव्हता.

"माणूस खोटं बोलते, सिस्टरबाई. लाकूड नाई बोलत," हे त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. "तुमी तं सांगानच घर मजबूत हाये म्हून. मले लाकडाले विचारू द्या."

त्याचा धंदा जुनी घरं घेण्याचा. घर जसं असेल तसं घ्यायचं आणि रोख द्यायचं. पडलेली भिंत उभी करा म्हणायचं नाही, गळकं छप्पर शाकारा म्हणायचं नाही, कर्ज मंजूर होऊ द्या म्हणून थांबवायचं नाही. मग घर उतरवायचं, सागवान वेगळं विकायचं, कवेलू म्हणजे कौलं वेगळी, दारं-खिडक्या वेगळ्या, आणि उरलेली मोकळी जागा वेगळी. सावलीपासून राजुऱ्यापर्यंत त्याने किती घरं अशी उतरवली याची मोजदाद त्यालाही नसावी. मागे सगळे त्याला उधईभाऊ म्हणत. आमच्याकडे वाळवीला उधई म्हणतात. आईचं मत मात्र असं की हे नाव उधईवर अन्याय करणारं आहे. "उधई घर खाते अन् चालली जाते. हा खाते अन् वरतून सही मांगते."

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे. मनात कधी केलं नाही. इथेही करणार नाही.

मी राजुऱ्याला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. बाबा मास्तर होते. ते गेल्यावर आई सहा वर्षं त्या घरात एकटी राहिली. मागची भिंत बसली, न्हाणीत ती दोनदा घसरली, आणि दुसऱ्या वेळी शेजारणीने मला फोन केला तेव्हा मी ठरवलं की घर विकायचं आणि आईला राजुऱ्याला न्यायचं. भाऊ पुण्याला असतो. तो म्हणाला, "तू पाहा, तुला जमते." मला जमतं हे घरात सगळ्यांना फार लवकर कळलं होतं.

तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. एकाला आधी भिंत बांधून हवी होती. दुसऱ्याचं कर्ज बँकेत अडकलं. तिसऱ्याच्या बायकोने मोहल्ल्याचं नाव विचारलं आणि पुन्हा फोन उचलला नाही. मग दादाजी आला. त्याने मोहल्ला विचारला नाही, आडनाव विचारलं नाही. मला ते बरं वाटलं. ते बरं वाटणं दहा मिनिटं टिकलं.

आई गडवा-गिलास घेऊन बाहेर आली. उन्हाचे दिवस, माणूस सायकलवरून आलेला, बनियन पाठीला चिकटलेलं. आईने गिलास पुढे केला. त्याने हात आडवा केला.

"नाई, बाई. पाणी नको."

"उन्हाचे आले तुमी. घोटभर घ्या."

"सौद्याच्या घरी मी पाणी पेत नाई."

आईने गिलास ओट्यावर ठेवला. तो तिथेच राहिला. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली, बाबा मास्तर झाले, मी नर्स झाले. पण न प्यायलेल्या गिलासाचा अर्थ आम्हाला अजून कुणी समजावून सांगावा लागत नाही. बाबा पहिल्या नोकरीवर गेले तेव्हा त्या गावात स्वतःचं पाणी सुरईत घेऊन जात. ती सुरई आईने जपून ठेवलेली आहे. तो निघून गेल्यावर आईने गिलासातलं पाणी झाडाला घातलं नाही, रस्त्यावर फेकलं.

"आपलं घर चालते, आपलं पाणी नाई चालत," ती म्हणाली. "इकून टाक याले. लवकर इकून टाक."

भाव त्याने निर्लज्जपणे पाडला. चार खांब चांगले म्हणाला, पण मधली मोठी तुळई आतून गेली म्हणाला. त्या तुळईला आमच्याकडे मयाल म्हणतात. घराचा सगळा भार तिच्यावर. ती आईच्या खाटेच्या बरोबर वर होती.

"बाई, हे खाट तिकडं सरकवा. हा मयाल पोकळ हाये."

"चाळीस वर्सं झाले, त्याच्याखालीच झोपतो आमी," आई म्हणाली.

"त्याले कुठी मालूम हाये तुमी चाळीस वर्सं झोपल्या म्हून?"

मी वर पाहिलं. तुळई काळी, तुकतुकीत, सरळ. बाहेरून एक चिरही नव्हती. भाव पाडायची ही जुनी युक्ती मला कळत होती. दवाखान्याबाहेरचे एजंट रोग्याला घाबरवून शहरात नेतात, ती मी रोज पाहते. मी म्हटलं, दादाजीभाऊ, लाकूड आमच्या बाबांनी सरकारी डेपोतल्या लिलावात घेतलं आहे, वनखात्याच्या हातोड्याची निशाणी आहे त्याच्यावर.

"निशाणी बाहेरून राह्यते," तो म्हणाला. "उधई अंदरून."

स्वतःचं टोपणनाव त्याला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

खाट सरकली नाही. सौदा झाला. करारनामा मी स्वतः वाचून, दुरुस्त करून घेतला, कारण मला कागद वाचता येतात असा माझा समज होता. 'घर जसे आहे तसे, माळा, दारे, खिडक्या व लाकूडफाट्यासह' असं त्याने लिहून आणलं होतं. त्याखाली मी भर घातली: 'विक्रेतीची पेटी, खाट, भांडी व तसबिरी वगळून.' खरेदी झाली, त्याने पैसे दिले, ताब्यासाठी पंधरा दिवस ठरले. मी आईला सांगायला गेले की आता बांधाबांध करू.

आई म्हणाली, "माळ्यावरच्या फळ्या पयले उतरव. विहारात पोचव."

कोणत्या फळ्या, मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू स्वतःचं नाव विसरले होते. घर बांधून उरलेल्या चार फळ्या, हातभर रुंद, अस्सल सागवान. मोहल्ल्यात बुद्धविहार बांधला तेव्हा पैसे संपले आणि दाराला टिनाचा पत्रा ठोकला गेला. बाबांनी भर सभेत शब्द दिला होता: दार माझ्याकडून. मग ते आजारी पडले आणि गेले. सहा वर्षं अख्खा मोहल्ला त्या टिनाच्या दारातून आत-बाहेर करत होता आणि प्रत्येकाला माहीत होतं की दार मास्तरांच्या माळ्यावर आहे. एवढं सगळ्यांना माहीत असताना ते मला सांगायचं राहून गेलं. मी मोहल्ल्यात राहत नव्हते, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मी दादाजीला फोन केला. तो आला, अंगणात उभा राहिला, ओट्यावर टेकलासुद्धा नाही.

"माळ्यासह लिवलं हाये, सिस्टरबाई."

"फळ्या आमच्या नाहीत. विहाराच्या आहेत."

"मंग विहारात काऊन नोहत्या? जसं हाये तसं म्हंजे जसं हाये तसं. उद्या मी म्हणन भिंत पडकी निंगाली, पैसे वापस द्या. देता का?"

देणार नव्हतेच. म्हणून मला अधिक राग आला.

आईने भांडण केलं नाही. माळ्याला जी शिडी लागते तिच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "फळ्या गेल्या तं मी इथून हालत नाई. मास्तरचा शबद हाये. लाकडासंगं मलेबी उतरव."

त्यानंतर बारा दिवस रोज सकाळी तो यायचा. मी सुटी टाकून तिथेच होते. दोघांचं बोलणं ठरलेलं असे.

"बाई, खाट सरकवा."

"फळ्या दे."

"फळ्या माह्या हायेत. डोकशी तुमची हाये. डोकशी वाचवा."

"माह्या डोकशीची तुले एवढी फिकर, तं पाणी पेऊन दाखव."

तो वर तुळईकडे पाहायचा, सायकल उचलायचा आणि निघायचा. आई त्याच्या पाठीवर शिव्या टाकायची. मी त्या मध्येच थांबवत असे. नेमकं म्हणायचं तर अर्ध्या थांबवत असे.

तेराव्या दिवशी तो वेगळ्या कामासाठी आला. घर उतरवल्यावर सागवान गावाबाहेर न्यायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. लाकूड चोरीचं नाही हे दाखवायला मूळ खरेदीचा कागद हवा.

"सिस्टरबाई, डेपोची पावती द्या. मास्तरानं ठेवली असन."

बाबांनी ठेवली होती. आम्ही पाचवीत असतानाची शाळेची पावतीही त्यांनी ठेवली होती.

"पेटीत हाये," मी म्हटलं.

"मंग द्या."

"पेटी करारातून वगळलेली आहे, दादाजीभाऊ. वाचून पाहा. जसं हाये तसं."

त्या दिवशी त्याने पहिल्यांदा वर न पाहता माझ्या तोंडाकडे पाहिलं. खिशातलं नाणं त्याने बाहेर काढलं आणि पुन्हा ठेवून दिलं. मला वाटतं, वाजवून पाहायचा मोह झाला असावा.

"तुमी माह्या धंद्यात असत्या तं मी उपाशी मेलो असतो," तो म्हणाला. "घेऊन जा फळ्या. पण खाट आजच्या आज बाहेर काढाची. उद्या नाई. आज."

त्याला घर लवकर रिकामं हवं आहे, असा मी अर्थ लावला. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यातल्या माणसांनी फळ्या विहारात नेल्या आणि आईची खाट शेजारणीच्या अंगणात गेली. आई खाटेमागून गेली. मी पावती दिली आणि पोच लिहून घेतली.

घर उतरवायला सुरुवात झाली तेव्हा मी तिथे नसते तर बरं झालं असतं. पण राहिलेली भांडी न्यायला मी गेले होते. कवेलू उतरले होते. दादाजीचा सुखदेव नावाचा मजूर तुळईला दोर बांधायला वर चढला आणि त्याने नुसतं पहारीचं टोक लावलं. काळी, तुकतुकीत, सरळ तुळई मधोमध मोडली. आतून लाकूड नव्हतंच. करड्या मातीचा लोंढा खाली आला आणि जमिनीवर जिथे पडला तिथे सारवणात चार खुरांचे खड्डे होते. चाळीस वर्षांच्या खाटेचे.

"सांगतलं होतं ना" हे म्हणायचा दादाजीला पूर्ण हक्क होता आणि ते ऐकून घ्यायला मी उभीही होते. पण तो दुसऱ्या खांबाकडे गेला. मीही आभार मानले नाहीत. पाडलेला भाव मला दिसत होता, आणि दोनच महिन्यांत त्याने ती जागा कितीला विकली हेही मला नंतर कळलं.

भांडी रिक्षात ठेवताना सुखदेवने माझ्याकडे पाणी मागितलं. मी बाटली दिली आणि म्हटलं, तुला चालते का आमचं? तुझ्या मालकाला तर चालत नाही.

"मालक कोणाचंच नाई पेत, बाई. राजुऱ्याच्या एका मोठ्या पाटलाचं घर घेतलं, तिथी दिवसभर उन्हात उभा राह्यला. त्यायनं सरबत आणलं. नाई पेला. पाटील आजवरी बोलत नाई त्याच्यासंगं."

मी हे आईला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. माझाही अर्धाच बसला.

आषाढी पौर्णिमेला विहाराचं दार बसलं. सुताराने चारही फळ्या जशाच्या तशा वापरल्या होत्या. मी आईला राजुऱ्याहून घेऊन गेले. वंदना झाली, खीर वाटली, आणि बाहेर चपलांच्या गर्दीत मला सायकल दिसली. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो दारापाशी उभा होता आणि खिशातून नाणं काढून त्याने दारावर वाजवलं. कान लावला. डोळे मिटले.

"खरं बोलते," तो म्हणाला. मग आईकडे वळला. "बाई, पाणी द्या."

आई जागची हलली नाही. "आता चालते काय?"

"घर उभं होतं तवा कसा पेऊ? ज्याचं पाणी पेलं त्याचं घर नाई पाडता येत मले."

"मंग पयलेच सांगाचं होतं, मेल्या! मी काय काय समजली!"

"सांगतलं असतं तं तुमी नरडं धरून पाजलं असतं."

लोक हसले. आईही हसली, आणि स्वतः जाऊन पाणी घेऊन आली. तो दोन गिलास प्यायला, तिसरा अर्धा. मी हसले नाही. हा माणूस इतकी वर्षं आमच्यासारख्यांच्या अंगणात उभा राहिला आहे. न प्यायलेल्या गिलासाचा आम्ही काय अर्थ लावतो हे त्याला ठाऊक नव्हतं, असं मी मानत नाही. त्याला ठाऊक होतं आणि त्याने आम्हाला तो लावू दिला. कारण त्याच्या नियमापेक्षा आमची जखम त्याला स्वस्त वाटली. तुळईबद्दल तो खरं बोलला म्हणून हे खोटं ठरत नाही.

तो गिलास ठेवून सायकलवर बसला आणि गेला. त्यानंतर आमची भेट नाही. घरं घेतो अजून, असं ऐकते. दवाखान्यात कुणी म्हातारे आई-वडील घेऊन येतं, बोलता बोलता जुन्या घराचा विषय निघतो, आणि मी त्यांना दादाजीचा नंबर देते. सांगते की भाव पाडेल, भांडा. कागद दोनदा वाचा, माळा तीनदा पाहा. आणि तो म्हणेल तिथून खाट आधी सरकवा.