उमापूरला परत आलेला देव

देश उघडला, बाजार उघडला, असं पेपरवाले वीसेक वर्षं ओरडत होते. आमच्या उमापूरला तो उघडलेला दिसला खोक्यांतून, आणि तेही परत आलेल्या. इंटरनेटवर पूजेचं साहित्य विकायला बसलो तेव्हा वाटलं, गिऱ्हाइकाचं तोंड दिसणार नाही म्हणजे घासाघीस नाही, कटकट नाही. पण न दिसणारं गिऱ्हाईक दिसणाऱ्याच्या दसपट नालायक निघालं. समई मागवायची, लेकीच्या लग्नात मिरवायची आणि जळक्या वातीसकट परत पाठवायची. एकानं घंटा परत केली. कारण लिहिलं, 'आवाज येतो.' एका बहाद्दरानं माझ्या ताम्हणाऐवजी घरचं पोचे पडलेलं ताट पाठवलं, त्याला पिठलं चिकटलेलं. पिठल्याबद्दल आमच्या मांजराची मात्र काही तक्रार नव्हती.

परतीचं खोकं एरवी महिनाभर देशाटन करून येतं. अंबाजोगाईचं एक जिल्ह्यातल्या जिल्ह्यात दुसऱ्याच दिवशी आलं. मी ते शिव्या देतच फोडलं. आत माझीच चांदीची डबी, आम्हा लिंगायतांचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवायची. कारण लिहिलेलं, 'झाकण ढिलं.' माझं झाकण, आणि ढिलं! तावातावानं उघडलं आणि हात तिथंच थांबला.

आत लिंग होतं. कुणाच्या तरी गळ्यात जन्मापासून असलेलं, आदल्या पूजेची विभूती अजून अंगावर. ते ज्याचं त्यानंच हातात घ्यायचं, दुसऱ्यानं शिवायचं नाही. आणि त्याची पूजा झाल्याशिवाय जुनी माणसं पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत.

बायकोनं मागून डोकावून पाहिलं. "आता देव बी परत यायलेत का वो? तिकडं कुणी तरी उपाशी बसलं आसंल!"

मी डबी होती तशीच बंद केली. विक्रेत्यानं गिऱ्हाइकाला थेट फोन केला तर दुकान बंद, असा कंपनीचा नियम, म्हणून आधी मदत केंद्राला लावला. तिथली पोरगी साखरेच्या पाकातून बोलत होती.

"सर, परत आलेली वस्तू विकण्यायोग्य आहे का?"

"बाई, देव हाय तो."

"देव कोणत्या श्रेणीत येतो सर? वापरलेला आहे का?"

"जन्मापासून."

"मग परतीची मुदत संपली असेल, सर."

फोन आपटला तो इतक्या जोरात की गेवराईपर्यंत ऐकू गेला असेल. नियम गेला खड्ड्यात म्हणालो आणि जुन्या लेबलावरचा नंबर फिरवला. उचलला तो, लिंग जिचं त्या म्हातारीच्या लेकानं. कुठल्याशा हापिसातला साहेब होता. आई आंघोळीला गेली असताना कुरिअरवाला आला, आणि ह्यानं डबी न उघडताच खोक्यात कोंबली होती. आईनं आदल्या रात्री 'झाकण ढिलं हाय' म्हटलं, एवढं त्याला पुरलं. सकाळी तिनं त्यात काही ठेवलंय का, हे विचारायला तोंड उघडावं लागलं असतं.

"तुम्ही थेट फोन कसा केला? हे नियमात बसत नाही," साहेब म्हणाले.

मागून सुनेचा आवाज आला, "अवो, आत्याबाईंनी कालपासून पाणी घेतलं न्हाई! कवा आणतेत ते इचारा!"

"मी तक्रार नोंदवलीय. दोन दिवसांत उत्तर येतं."

"साहेब, दोन दिवस तुमची आई कशावर काढंल? तक्रार क्रमांकावर?"

डबी धुतल्या फडक्यात गुंडाळली, झाकणावर अंगठा रोवला आणि एसटी धरली. गेवराई, बीड, तिथून अंबाजोगाई. त्या रस्त्यावर खड्डे नव्हतेच. खड्ड्यांत अधूनमधून रस्ता होता. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, मुठीत काय हाय?"

"देव हाय."

"मंग त्येचं हाफ काढा."

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरेफटक. डबी दोन्ही हातांनी घेतली, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही आणि आत गेली. घरातले सगळे आतल्या दाराकडं बघत बसले. फक्त साहेब मोबाइलवर तक्रारीची प्रगती पाहत होते.

पूजा आटोपून ती बाहेर आली, तांब्याभर पाणी एका दमात प्याली आणि भाकरीचा तुकडा मोडला. तेव्हा कुठं सुनेनं पदरानं डोळे पुसले.

लेक म्हणाला, "डबी तेवढी घेऊन जा. परत केलेली नोंद झालीय."

"गप बैस," म्हातारी कडाडली. "देवाला खोक्यात घातलास तू! ज्या डबीत बसून देव घरला आला, ती आता हितंच ऱ्हाईल."

माझी छाती फुगून दाराला लागली. तेवढ्यात तिनं झाकण बोटानं हलवून पाहिलं.

"पर झाकण ढिलंच हाय की, लेका."

"एसटीच्या धक्क्यानं झालं आसंल, आजी."

तिनं माझा अंगठा धरून पाहिला. झाकणाच्या कडेचा लाल वळ चांगला खोल उमटला होता.

"व्हय की," ती म्हणाली, "एसटीच्या भ्यानंच उमापूरपासून दाबून धरलंस." आणि भाकरीचं ताट माझ्याकडं सरकवलं.