कानातला सेल

तिच्याबद्दल जिन्यात कुजबुज होती ती अशी: जिवलग मैत्रीण दारात उभी राहून रडली आणि या बाईने मान वळवूनही पाहिलं नाही. वर, म्हणे, शेंगा सोलत बसली होती!

ही बाई म्हणजे आमच्या इमारतीतली टेलिफोनबाई. जन्मभर एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडून दिले. जोडायचा आणि बाजूला व्हायचं, असा नियम. पण ही कसली बाजूला होते! कुणाची सोयरीक फिसकटली, कुणाचा जावई कुठे जातो, हे त्या घरच्यांच्या आधी हिला ठाऊक. शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीने साहेबांकडे चहाडी केली आणि हिची बढती हुकली. "पुन्हा माझा उंबरा ओलांडलास तर बघ," हिने सुनावलं. बोलणं बंद झालं, पण मैत्रिणीचा विषय रोज निघायचा. "मेली एकदा येऊन चुकलं म्हणू दे. अशी सोलून काढते तिला! मग चहा करते."

निवृत्तीनंतर कान गेले आणि कानात मशीन आलं. मशीनमध्ये मसुराएवढा सेल.

मुलगा विजेची मीटरं तपासणारा. घरोघरची उधळपट्टी बघून त्याचं डोकं फिरलं आणि पृथ्वी वाचवायचं त्याने मनावर घेतलं. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपडे धुतलेलं संडासात, जुन्या शर्टांच्या पिशव्या, पंख्याऐवजी दार सताड उघडं. वाईट काय त्यात? काहीच नाही. पिशव्या आम्हीही फुकट नेल्या. वापरात नाही ते बंद, हा त्याचा मंत्र. दिवे झाले, टीव्ही झाला, बंद करायला घरात काही उरेना. मग त्याची नजर आईच्या कानावर गेली.

"आई, दिवसभर तुझ्याशी बोलतं कोण?"

"कोण बोलणार? कुणीच नाही."

"मग मशीन कशाला चालू? संपलेला सेल मातीत गेला की विष होतं त्याचं."

"अरे, पण कुणी आलं तर?"

"आलं की माग. डबीत ठेवतो."

डबी त्याच्या कपाटात गेली. कुणी आलंय हे कळायला आधी ऐकू यावं लागतं, एवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सून म्हणाली, "बरंच झालं, टोमणे तरी ऐकू जाणार नाहीत त्यांना." टोमणे मारणारी घरात दुसरी कुणी नव्हती.

मैत्रीण आली ती एका दुपारी, काठी टेकत, जिन्यात दम खात. दूर मुलीकडे कायमची निघाली होती, त्याआधी मिटवून टाकावं म्हणून. टेलिफोनबाई दाराकडे पाठ करून शेंगा सोलत होती. बोलावल्याशिवाय आत जायची मैत्रिणीची टाप नव्हती.

"अगं ए, मी आलेय."

पाठ हलली नाही.

"चुकलं माझं. जळत होते गं तुझ्यावर, दुसरं काही नाही. उद्या चाललेय मी. निदान शिवी तरी दे, मेले!"

दाणे ताटात पडत राहिले. मैत्रीण डोळे पुसत जिना उतरली. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीने सगळं ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं. बायका टेलिफोनबाईला पाहून तोंड फिरवू लागल्या. तिला वाटलं, मुलाच्या उपदेशाला कंटाळल्या असतील.

पुढे पृथ्वी वाचवतो म्हणून इमारतीने मुलाचा सत्कार केला, त्याच्याच घरी. चारचौघांत बरं दिसावं म्हणून आईला सेल मिळाला. शिंपीण तिच्या शेजारी सरकली. "तुमची मैत्रीण वारली म्हणे लेकीकडे. दारात एवढी रडली बिचारी. एक शब्द बोलला असतात तर काय झिजला असतात?"

"कुठल्या दारात?"

"आता नाटकं पुरे हं, मावशी."

पाहुणे उठून गेले. "ती आली होती?" टेलिफोनबाईने मुलाला विचारलं.

"आलं की मागायचा, असं ठरलं होतं ना आई," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. तिने सेल काढून त्या हातावर ठेवला.

टेलिफोनबाईने मैत्रिणीला झिडकारलं नव्हतं. मैत्रीण बोलत होती तेव्हा सेल डबीत होता. तिला काहीही ऐकू आलं नाही.