धामणीची अकरा अंडी

कुसाबाईच्या हाताला यश आहे, असं आमच्या मखमलाबादच्या वाटेवर सगळे म्हणत. कुणाची कोंबडी खुडूक बसली की आधी कुसाबाईला बोलावणं जायचं. ती प्रत्येक अंड्यावर एका बाजूने कोळशाची रेघ ओढायची आणि घरच्या बाईला बजावायची, "नुसत्या कोंबडीच्या भरवशावर राहू नको. सकाळी रेघ वर, सांजच्याला रेघ खाली. अंडं एका कुशीवर पडून राहिलं की पिलू कवचाला चिकटतं." तिने ठेवलेल्यांतलं एखादंच वाया जायचं, आणि त्या एकाबद्दलही ती आठवडाभर हळहळायची.

तिचा नवरा वारून तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दीर बहिरूने नाल्याकडच्या उताराचा एक तुकडा तिला कसायला दिला होता, पण मनापासून नव्हे. सन छत्तीसच्या पेरणीआधी मी, शेजारची मास्तरीण, तिच्या ओट्यावर असताना त्याने तिला सांगितलं, "वहिनी, दोन साल तुमच्या शेंगा उंदरांनीच खाल्ल्या. यंदा पदरात काही पडलं नाय, तर तुकडा माझ्यात घेतो. तुम्ही घरात दोन टाइम जेवा. कोण नाय म्हणतंय?"

"जेवा म्हणायला काय जातंय," कुसाबाई म्हणाली. "वाढणाऱ्याचा हात बघूनच पोट भरतं, भावजी."

त्या साली तिच्या बांधावर एक धामण राहायला आली. चांगली चार हात लांब, पिवळसर. कुसाबाई तिला पाहून वाट सोडायची आणि गालातल्या गालात हसायची, कारण उंदरांची नवी बिळं दिसेनाशी झाली होती. भुईमूग फुलावर आला तेव्हा ती मला म्हणाली, "मास्तरीणबाई, यंदा मला राखणदार मिळालाय."

नागपंचमीला बहिरूकडे भिंतीवर नाग काढून दूध-लाह्यांची पूजा झाली. चौथ्या दिवशी भाजीच्या वाफ्यांसाठी खत काढताना उकिरड्यात धामण निघाली, आणि बहिरूने ती फावड्याने मारली.

"नाग होता," तो म्हणाला.

"चार दिसांमागं भिंतीवर काढला तवा बरा ओळखीचा होता," कुसाबाई म्हणाली, आणि उकिरड्यात उतरली. धामण होती तिथे खताच्या उबेत अकरा अंडी होती. लांबट, पांढरी, कातड्यासारखी मऊ. तिने ती पदरात घेतली. मी दोन पावलं मागे सरले.

"अहो, सापाची आहेत ती."

"धामणीची हायेत. इख नाय. आई गेली, पोरं तरी जगवते. कोंबडीची शेकड्यांनी काढली, ही अकरा काय जड?"

आधी तिने ती खुडूक कोंबडीखाली ठेवली. कोंबडी उठली, मान वाकडी करून तिने एकदा पाहिलं, एक अंडं टोचून फोडलं आणि दारात जाऊन ओरडत बसली. मग कुसाबाईने टोपलीत पेंढा आणि खत पसरून चुलीच्या कडेला बाकीची दहा मांडली. एकेकावर कोळशाची रेघ ओढू लागली. तीन अंडी एकमेकांना घट्ट चिकटलेली होती. ती सोडवायला गेली तर साल निघू लागली, म्हणून चिडून तिने तो गोळा कडेला सारला. "राहा तशीच. कामचुकार."

सात अंडी मात्र ती न चुकता फिरवायची. सकाळी रेघ वर, संध्याकाळी रेघ खाली. एकदा ताप होता, तरी भिंतीला धरून उठली आणि फिरवली.

नवव्या दिवशी एक अंडं पिवळं पडून बसकं झालं. तिने ते फेकलं. दोन दिवसांनी दुसरं, मग तिसरं. घरात वास मारू लागला. तिने ऊब वाढवून पाहिली, कमी करून पाहिली, पेंढा बदलला. इकडे धामण गेल्याचं उंदरांना कोणी सांगितलं कोण जाणे, बांधाला पुन्हा भोकं पडली. कोवळ्या शेंगांची टरफलं रोज सकाळी भोकांच्या तोंडाशी पडलेली असायची. बहिरू ती पायाने सरकवून पाहायचा आणि आपल्या रानाकडे वळायचा. ते तिला फार लागायचं.

"मास्तरीणबाई, तुमच्या पोथीत काय लिहिलंय सापाच्या अंड्यांचं?"

"उबवायचं काही लिहिलेलं नाही."

"मग काय कामाची तुमची पोथी."

मला वाईट वाटलं. पण त्या दिवशी पाचवं अंडं गेलं होतं, म्हणून मी ते सोडून दिलं. सोमवारी पंचवटीत गेले तेव्हा रामापुढे तिच्या नावाने तुळस वाहिली. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, रामाला अंड्यांचं काय कळतं.

भादव्यात पेठकडचा सोमा गवत कापायला आला. दरसालचा माणूस. कुसाबाई त्याला भाकरी देत होती, तेव्हा टोपलीत रेघेचं एकच अंडं आणि तो तिघांचा गोळा उरला होता. भाकरी वाढता वाढता तिने ते एक अंडं फिरवलं.

सोम्याचा घास हातातच राहिला. "बाय, हे काय करतेस?"

"फिरवते. पिलू चिकटू नये म्हणून."

"ती कोंबडी फिरवते. साप नाय फिरवीत. एकदा टाकलं, ते टाकलं. फिरवलं की आतलं पिल्लू बुडून मरतं." तो उकिरड्याकडे बोट करून म्हणाला, "उकिरड्याला काय हात असतात?"

कुसाबाईने हातातली भाकरी खाली ठेवली. म्हणाली, "बहिरूभावजींनी एक मारली. मी सात."

तिने ते शेवटचं अंडं दाबून पाहिलं. ते मऊ पडलं होतं. ते तिने फेकलं नाही, उकिरड्यात खड्डा करून पुरलं. तिघांचा गोळा तेवढा टोपलीत राहिला. त्याला ती बोटही लावेना. घर सारवतानासुद्धा टोपलीखालची जागा तिने तशीच सोडली.

पितृपक्षात दुपारी तिची हाक आली. दोन अंड्यांना चिरा पडून बोटभर तोंडं बाहेर आली होती. तिसरं मात्र उघडलंच नाही. कुसाबाईने हात पुढे केला, तर पहिल्याच पिलाने तिच्या बोटाचा कडकडून चावा घेतला.

"घ्या," ती बोट चोखत म्हणाली. "दीड महिना चुलीपाशी जपलं त्याचं हे."

गवताचा भारा टाकून आलेला सोमा खदखदून हसला. "आन् हे उंदीर मारणार व्हय गं बाय? अजून दोन-तीन साल उंदीरच ह्याला खातील."

हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आईएवढी धामण व्हायला वेळ लागतो, एवढी साधी गोष्ट आम्हा दोघींच्या डोक्यात आली नव्हती. तिने दोन्ही पिलं बांधावर सोडली आणि तिथूनच कुदळ घेऊन शेतात उतरली.

"वहिनी, शेंगा अजून कच्च्या हायेत," बहिरू ओरडला.

"पिकल्या की तुमच्या उंदरांच्या. कच्च्या माझ्या."

निम्मं रान तिने रोज थोडं थोडं करून उपटलं. पुढचे पंधरा दिवस ती मीठ घालून उकडलेल्या ओल्या शेंगांची पाटी घेऊन पंचवटीत घाटावर बसली. यात्रेकरू उभ्या उभ्या खायचे. रोज येताना पाटी रिकामी असायची, आणि कुरकुर भरलेली. पाय दुखतात, लोक आधी खाऊन बघतात, वर आणखी मूठभर मागतात. उरलेलं निम्मं रान उंदरांनी फस्त केलं, पण यंदा तिच्या कनवटीला चार पैसे लागले.

तुकडा परत घ्यायचं बहिरूने पुन्हा काढलं नाही. कुसाबाईनेही विचारलं नाही. दिवाळीनंतर तो फावडं घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"उकिरडा उपसायचाय, वहिनी. आधी जरा बघून घ्या."

"बघते," ती पदर खोचत म्हणाली. "पन काही निघालं तर हात लावणार नाय. तुम्हीबी लावायचा नाय. झाकून ठेवायचं."