आमची एसी-फ्रिजची बॅच

आमच्या बॅचमधले जे संभाजीनगरातच राहिले, ते आम्ही अजूनही अधूनमधून सिडकोतल्या एका टपरीवर भेटतो. कामाचं बोलायचं असं ठरवून येतो, पण एकानं किस्सा काढला की दुसऱ्याला तसलाच आठवतो आणि चहावर चहा होतात. लोकांच्या घरात शिरायचा धंदा आहे, किस्से साठणारच.

माझ्यापासून सुरू करते. बी.ए. झाल्यावर मी वैजापूरजवळच्या आमच्या गावात घरीच बसून होते. स्पर्धा परीक्षा देऊन झाल्या, पतसंस्थेत अर्ज करून झाला. पाहुणे स्थळं सुचवायला लागले, तेव्हा मी वडिलांना, म्हणजे अण्णांना म्हटलं, मला आधी एखादं काम शिकू द्या. ते मला संभाजीनगरच्या एका प्रशिक्षण केंद्रात घेऊन आले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, जागा फक्त वेल्डिंगला आणि एसी-फ्रिज दुरुस्तीला उरल्यात. मला वाटलं, झालं, आता परतीची एसटी.

अण्णा म्हणाले, "फ्रिज घरातच असतो. म्हणजे बाईमाणसाचंच काम झालं. लिहा नाव."

*

शिकवायला रफिक सर होते. उभी हयात फ्रिज उघडण्यात गेलेली, बोलणं मोजकं. मला बाकी सगळं जमायचं, पण तांब्याची नळी जोडायला गॅसची ज्योत हातात घेतली की ती एकाच जागी जास्त वेळ राहायची. नळी जुळायच्या ऐवजी तिला भोक पडायचं. एकदा सगळ्या पोरांसमोर तिसरी नळी वाया गेली आणि मला रडूच फुटलं. आता सर घरी जा म्हणतील असं वाटलं.

सर जवळ आले, नळी बघितली आणि म्हणाले, "रो लो बेटा. पर पहले फ्लेम बंद करो."

*

बॅचमध्ये पैठणचा गणेश होता. शिकून झाल्यावर तो बिडकीनकडं एका कारखान्यात कंत्राटावर लागला, आणि थोड्याच दिवसांत ते काम सुटलं. मग तो स्वतःच एसी दुरुस्तीची कामं घ्यायला लागला. घरच्यांनी मात्र स्थळं बघताना 'पोरगा कंपनीत आहे' हेच चालू ठेवलं. त्यावर लग्नही ठरलं.

उन्हाळ्यात एका लॉजच्या गच्चीवर गणेश एसीचं बाहेरचं युनिट धूत होता. पाणी खाली उभ्या असलेल्या एका माणसाच्या अंगावर पडलं. माणूस तावातावानं वर आला, तर होणारे सासरे. गणेशनं तिथंच सगळं खरं सांगून टाकलं. लग्न मोडलं असं धरूनच सांगितलं.

सासऱ्यांनी शर्ट पिळला. गच्चीवर तापलेल्या युनिटांची रांग होती, तिच्याकडं बघत म्हणाले, "कंपनीतून माणसं कमी करतात. ऊन कुणी कमी करत नाय. तारीख तीच राहू द्या."

*

मी एकटीनं केलेलं पहिलं काम उस्मानपुऱ्यात, एका आजोबांकडं. दार उघडून त्यांनी माझ्या मागं जिन्यात वाकून बघितलं आणि मेकॅनिक कुठंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, मीच. त्यांना बहुतेक ऐकू आलं नाही. बस म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. मी कामाला लागले. ते बाहेर आले तेव्हा फ्रिज सुरू झाला होता. त्यांच्या हातात ट्रे, ट्रेमध्ये दोन कप चहा. एक मला, एक मेकॅनिकला.

दोन्ही मीच प्यायले.

*

आता आमच्या गावातला किस्सा. अण्णांनी नाव तर घातलं, पण गावात सांगितलं की पोरगी शिवणकाम शिकतीय. मग आमच्या शेजारच्या कमलकाकूंनी ब्लाऊजपीस पाठवला. केंद्रातल्या शिवणाच्या बॅचमध्ये रेश्मा नावाची मैत्रीण होती, तिच्याकडून मी तो शिवून घेतला. काकूंना इतका आवडला की शिकून मी शहरात कामाला लागले तरी त्या पाठवतच राहिल्या. अण्णाच पिशव्या आणायचे, न्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात गावच्या दूध केंद्रातलं दूध गार करायचं मशीन बंद पडलं. सकाळचं दूध टाकीत, संध्याकाळचं यायचं बाकी, आणि कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. दुपारी अण्णांचा फोन आला. मशीनचं सांगितलं, मग म्हणाले, "तुला जमंल का?"

मी गणेशला बोलावलं आणि आम्ही त्याची व्हॅन घेऊन निघालो. पोचलो तेव्हा निम्मं गाव केंद्रावर जमलेलं. नळीचा एक जोड तडकून गार करणारा गॅस निघून गेला होता. गणेश म्हणाला, मी जोडतो. मी म्हटलं, नको, मलाच करू दे. ज्योत पेटवली. जोड बसला, गॅस भरला, मशीन सुरू केलं. टाकीवरच्या तापमानाच्या काट्याकडं सगळेच बघत उभे. काटा हळूहळू खाली यायला लागला.

गर्दीत कमलकाकू किटली घेऊन उभ्या होत्या. अंगात रेश्मानं शिवलेलंच ब्लाऊज. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, मग अण्णांकडं वळल्या. "अण्णा, मग हे माझं ब्लाऊज कुणी शिवलं?"

अण्णांनी काट्यावरची नजर हलवली नाही.

"ते राहू दे," म्हणाले. "दूध गार होतंय का नाय, ते बघ."