आक्काचं तोंड

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

लाकडी ठसे कोरण्यात माझा हात धरणारा बेळगावात कुणी नव्हता. खोटा विनय मला जमत नाही. कॅम्पातल्या शाळेत मी ड्रॉइंग शिकवायचो. तिथल्या एका साहेबाने मायदेशी जाताना मला अशाच ठशांनी छापलेल्या जर्मन चित्रांचं पुस्तक दिलं. काळ्या शाईतली वाकडी घरं, भेदरलेली माणसं... पाहिलं आणि वाटलं, अरे, हे तर आपलं निपाणी! तंबाखूच्या वखारी, भोंगा — आणि वखारीत राबणारी माझी थोरली बहीण, आक्का.

आक्काच्या तोंडावरून वारं गेलं होतं. ओठ एकीकडे ओढलेला, एक डोळा मिटायचा नाही. तंबाखूच्या धुळीमुळे वखारीत सगळ्याच बायका तोंड बांधायच्या, म्हणून तिचं निभावलं. जेवायलाही ती पाठ करून बसायची. माझ्यासमोर मात्र तोंड उघडं — भाऊच ना मी? तेच तोंड मी चोरून कोरलं. मागे वखारी वाकवल्या, खाली 'शहर' असं नाव घातलं.

बायको माहेरी असताना आक्का आमच्याकडे आली आणि तिला तो ठसा दिसला.

"माझं त्वांड लोकांत नगं न्हेऊस रं."

"जाळतो," म्हणालो. आणि जाळला, तिच्यादेखत, चुलीत. फक्त — तो दुसरा होता. ठसा उलटा कोरावा लागतो. पहिल्या खेपेला मी घाईत सुलटा कोरून बसलो, अक्षरं उलटी उमटली, म्हणून तो टाकून दिला होता. तोच आत घातला. आक्काचा जीव भांड्यात पडला. तिने मला आग्रहाने जेवू घातलं, आणि मी पोटभर जेवलो.

चांगल्या ठशाचं चित्र मुंबईला गेलं. 'आजच्या माणसाची भीती' म्हणून वाहवा झाली. लाज वाटली का? नाही. छाती फुगली.

पुढे बेळगावात प्रदर्शन भरवलं. आक्काला बोलावलं नव्हतं. तरी आली — भावाचं कौतुक दाखवायला वखारीतल्या दोघींना घेऊन, तोंडावर पदर ओढून. 'शहर'समोर तिघी थांबल्या.

"ही कोण वं, मास्तर?" एकीने विचारलं.

आक्का माझ्याकडे बघत राहिली.

"कोण न्हाय," मी म्हणालो. "मनातली हाय."

"व्हय की," आक्का म्हणाली, "असलं त्वांड कुणाचं असतंय?"

त्या दोघी हसल्या. तीही हसली. मी त्यांना पुढचं चित्र समजावून सांगू लागलो.